आधी प्रश्न, मग अर्ज

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

१९२० सालच्या फेब्रुवारीत पुण्यात बायकांचा एक मोर्चा निघाला होता. त्याच्या अग्रभागी रमाबाई रानडे होत्या. मागणी एका ओळीत मावेल एवढीच होती : प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचं ठरलंच आहे, तर ते मुलांबरोबर मुलींनाही करा. १९१८ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना आपापल्या गावात शिक्षण सक्तीचं करण्याचा अधिकार दिला होता. पुण्यात प्रश्न आला तो पैशांचा. तिजोरीत आहे ते मुलांपुरतं आहे, मुलींचं पुढे बघू, असं लोकमान्य टिळकांच्या पक्षाचं म्हणणं होतं. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे मुलींच्या बाजूनं उभे राहिले. किर्लोस्कर नाट्यगृहातल्या सभेत तर असा गदारोळ झाला, की त्याच्या आठवणी पुढे कितीतरी वर्षं लिहिल्या गेल्या.

आपण हा प्रसंग वाचतो तो सुधारक आणि सनातनी यांच्या वादातला एक प्रसंग म्हणून. तो आहेच. पण मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. हा वाद स्वराज्याचा नव्हता, धर्माचाही पुरता नव्हता. तो नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातल्या एका रकमेचा वाद होता. गावानं घरपट्टी, जकात भरायची आणि त्या पैशांतून कुणाची मुलं शिकवायची, हे ठरवायचं होतं. ठरवणारं सभागृह पुरुषांचं होतं. बायकांना रस्त्यावर यावं लागलं, कारण आत बसायला त्यांना जागा नव्हती.

आज बावीस-तेवीस वर्षांच्या मुलींशी बोलताना, 'राजकारणात आम्हाला रस नाही,' हे वाक्य मी फार ऐकते. राजकारण म्हणजे टीव्हीवरचं भांडण, असं त्यांच्या मनात असतं आणि त्यात रस नसेल तर मी त्यांना दोष देणार नाही. मला त्या भांडणाबद्दल बोलायचंच नाही. मला बोलायचं आहे ते नळाला पाणी किती वाजता येतं, शाळेच्या संडासाला कडी आहे की नाही, बसथांब्यावरचा दिवा कधीपासून बंद आहे आणि हे सगळं ठरवणाऱ्या टेबलाभोवती कोण बसतं, याबद्दल. त्या टेबलापर्यंत आपल्याकडच्या बायका कशा पोचल्या, याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो थोडा सांगते.

रमाबाई पुण्याच्या मोर्चानंतर थांबल्या नाहीत. बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून त्यांनी खटपट केली. १९२१ मध्ये मुंबई विधिमंडळानं तो ठराव मान्य केला. अर्थात मत कुणाला, तर ठरावीक मालमत्ता असलेल्यांना. म्हणजे बहुतेक बायका बाहेरच राहिल्या. १९२३ मध्ये मुंबई महानगरपालिकेत पहिल्यांदा स्त्रिया निवडून आल्या. त्यांत सरोजिनी नायडू होत्या आणि अवंतिकाबाई गोखले होत्या. सरोजिनीबाईंचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्या कवयित्री, म्हणून माझ्याही जवळच्या. पण या विषयापुरतं मला अवंतिकाबाईंचं नाव जास्त महत्त्वाचं वाटतं.

या बाईंनी परिचारिकेचं शिक्षण घेतलं होतं. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले तेव्हा त्यांच्या हाकेला ओ देऊन अवंतिकाबाई आणि त्यांचे यजमान तिकडे गेले, बिहारच्या खेड्यात राहून शाळा चालवली. दुसऱ्या वर्षी गांधीजींचं मराठीतलं चरित्र लिहिलं, त्याला प्रस्तावना टिळकांची. त्याच वर्षी मुंबईत हिंद महिला समाज काढला. महापालिकेच्या सभागृहात पाय ठेवण्याआधी ही बाई बाळंतिणींच्या खोल्यांत, खेड्यातल्या शाळेत आणि मुंबईतल्या बायकांच्या सभेत जाऊन आली होती. खुर्ची नंतर आली.

हे मी मुद्दाम सांगते आहे. कारण पुढे स्वातंत्र्य मिळालं, सगळ्या प्रौढ स्त्री-पुरुषांना एका दमात मत मिळालं आणि मग गंमत अशी झाली, की खुर्चीचा मार्ग बदलला. १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीनं पंचायत राज्याचा आराखडा मांडला. स्त्रियांबद्दल तिनं सुचवलं ते असं, की महिला आणि बालकांच्या कामात रस असलेल्या दोन स्त्रियांना समितीत स्वीकृत करून घ्यावं. शब्द नीट ऐका : स्वीकृत. म्हणजे निवडून आलेल्यांनी त्यांना आत घ्यायचं. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या, तिथेही बायकांचा प्रवेश बराचसा याच दारानं झाला. अध्यक्षांच्या वहिनी, कारखान्याच्या संचालकांच्या पत्नी, एखाद्या शिक्षिका. काहींनी चांगलं कामही केलं. पण जी बाई कुणाच्या मर्जीनं आत आली, तिला त्याच माणसाविरुद्ध हात वर करणं किती अवघड, हे वेगळं सांगायला नको.

त्याच काळात मुंबईच्या उपनगरात एक वेगळं उदाहरण घडत होतं. मृणाल गोरे यांनी वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडलं आणि गोरेगावात पती केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याबरोबर कामाला सुरुवात केली. कुटुंबनियोजन, बायकांच्या अडचणी, झोपडपट्टीतलं पाणी. १९५० च्या दशकात गोरेगावच्या ग्रामपंचायतीत त्या निवडून आल्या. हो, गोरेगावला तेव्हा ग्रामपंचायत होती, आज तिथल्या मॉलमध्ये उभं राहून हे खरं वाटणार नाही. १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. मृणालताई तिशीतल्या, पदरी लहान मुलगी. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. त्याच निवडणुकीत अहिल्या रांगणेकरही आल्या आणि पुढे कितीतरी वर्षं नगरसेविका राहिल्या.

मृणालताईंना लोक 'पाणीवाली बाई' म्हणायचे. राजकारण्याला मिळालेलं याहून चांगलं विशेषण मला ठाऊक नाही. हे नाव कुण्या पक्षानं दिलं नव्हतं, हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी दिलं होतं. पाण्यासाठी त्या सभागृहात भांडल्या, अधिकाऱ्यांना घेराव घातले, मोर्चे काढले. १९७२ पासून महागाईविरुद्ध लाटणी आणि थाळ्या घेऊन मुंबईच्या बायका रस्त्यावर आल्या, त्यांच्यापुढे मृणालताई आणि अहिल्याताई होत्या. दोघी १९७७ मध्ये लोकसभेत गेल्या. पण दिल्लीला जाणारी ती वाट गोरेगावच्या नळावरून गेली होती. हेही लक्षात ठेवलं पाहिजे, की यांतली एकही जागा राखीव नव्हती.

आता एका छोट्या मोर्चाबद्दल. तो कुठल्याच नगरपालिकेवर नव्हता, तरी तो मला इथे हवा आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी. मोर्चात बायका होत्या सात. ज्या समाजात बाईनं सहीसाठी बोट पुढे करणंसुद्धा घरच्यांना विचारून होत होतं, त्या समाजातल्या सात बायका भर उन्हात हातात फलक घेऊन चालल्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१७ मध्ये आला आणि कायदा २०१९ मध्ये झाला. त्या कायद्याबद्दल मतं वेगळी असू शकतात, माझीही काही आहेत. पण एक्कावन्न वर्षं आधी त्या सात जणी चालल्या होत्या, एवढं प्रत्येक मुस्लिम मुलीला माहीत असायला हवं. आमच्याकडे मुलीनं पुढे यायचं म्हटलं की 'आजवर कुणी असं केलं नाही' हे वाक्य तयार असतं. ते खोटं आहे. केलंय. तारखेसकट केलंय.

१९७४ मध्ये स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय समितीचा अहवाल आला. दोन स्वीकृत बायकांनी काही होत नाही, हे त्यात स्पष्ट होतं. गावागावांत केवळ स्त्रियांच्या वैधानिक पंचायती असाव्यात, असं समितीनं सुचवलं. ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. कर्नाटकानं मात्र पुढचं पाऊल टाकलं. तिथे पंचायतींत स्त्रियांना पंचवीस टक्के जागा राखून १९८७ मध्ये निवडणुका झाल्या.

आपल्याकडे पाऊल पडलं ते एका अनपेक्षित बाजूनं. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन भरलं. शेतकरी संघटना म्हणजे कांद्याचा, उसाचा भाव, रास्ता रोको, शरद जोशी. तिथे शेतकरी बायका लाखाच्या घरात जमतील असं पुण्या-मुंबईच्या स्त्रीमुक्तीवाल्यांनाही वाटलं नव्हतं. नऊवारी नेसलेल्या, पोरं काखेत घेतलेल्या, भाकरी बांधून आणलेल्या बायका. जिल्हा परिषद आणि पंचायतीच्या निवडणुका स्त्रियांनी लढवायच्या, असं वारं तिथून सुटलं. समग्र महिला आघाडी उभी राहिली, तिच्यात शहरातल्या समाजवादी बायकाही आल्या. आणि १९८९ मध्ये काही गावांत ग्रामपंचायतीला सबंध पॅनेलच बायकांचं उभं राहिलं. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातलं मेटीखेडा. ही पॅनेलं निवडून आली. सगळ्या सदस्य बायका, सरपंचही बाई. आरक्षण अजून आलेलं नव्हतं!

त्या पंचायतींनी हाती घेतलेली कामं पाहा : पाणी, दारूचं दुकान, शाळा, दिवे. पुढे १९९० मध्ये शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' सुरू केली. ज्या गावात शंभर कुटुंबं आपल्या जमिनीचा काही हिस्सा घरच्या बाईच्या नावावर करतील, ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. सातबाऱ्यावर बाईचं नाव आणि पंचायतीत बाईचा आवाज, या दोन गोष्टी त्या काळच्या बायकांनी एकत्र पाहिल्या होत्या. आपण मागाहून त्यांची फारकत केली. जमीन वेगळ्या खात्यात गेली, आरक्षण वेगळ्या खात्यात.

आरक्षण १९९० मध्ये आलं. महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत स्त्रियांना तीस टक्के जागा ठेवल्या. १९९२ च्या जिल्हा परिषद निवडणुका त्यानुसार झाल्या. त्याआधी १९८९ मध्ये राजीव गांधींच्या सरकारचं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत अडलं होतं. अखेर नरसिंह रावांच्या काळात त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाली, आणि १९९३ पासून देशभर पंचायती आणि नगरपालिकांत किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांच्या झाल्या. सरपंच, सभापती, नगराध्यक्ष या पदांतही वाटा आला. २०११ मध्ये महाराष्ट्रानं तो निम्मा केला.

आकडे इथे संपतात आणि माझी नोकरी सुरू होते. नव्वदच्या दशकात मी बी.ए. करून एका नगरपालिकेत लिपिक म्हणून लागले. गावाचं नाव सांगत नाही, कुठल्याही गावाचं सांगितलं तरी चालेल. सभेचं इतिवृत्त लिहिणं हे आमच्या टेबलाचं काम. त्याला सगळे 'प्रोसिडिंग' म्हणायचे. ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांना सांगते : विषय क्रमांक, विषय, मग ठराव, त्याखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं, आणि शेवटी बहुतेक वेळा 'ठराव सर्वानुमते मंजूर'. आरक्षणानंतर सूचक म्हणून बायकांची नावं दिसायला लागली. गटार बांधकामाचा ठराव, सूचक सौ. अमुक. निविदा मंजुरीचा ठराव, सूचक सौ. तमुक. शंभर वर्षांनी कुणी संशोधक ती जाड बांधणीची पुस्तकं उघडेल, तर त्याला वाटेल, काय बायका होत्या या गावात! प्रत्यक्षात त्या दोघी-तिघी सभेत पदर सावरून बसलेल्या असत आणि चहा आला की घड्याळाकडे बघत. नावं कुणाची घालायची ते सभेआधीच ठरे. मागच्या बाकावर किंवा दाराबाहेर यजमान उभे.

यजमानांवरून एक शब्द आठवला. मराठीत 'सभापती' हा शब्द आहे, त्यातला पती म्हणजे धनी, प्रमुख. बाई सभापती झाली तरी शब्द तसाच राहिला. पण लोकांनी नवा शब्द काढला, 'सरपंचपती'. इथला पती म्हणजे खरोखर नवरा. भाषा कधी कधी कायद्याहून खरं बोलते.

मात्र एवढंच चित्र रंगवून हसणाऱ्यांवर माझा राग आहे. 'बायका नुसत्या सह्या करतात' असं म्हणणाऱ्यांनी कधी सह्या करणाऱ्या पुरुषांची मोजदाद केली आहे का? मी चोवीस-पंचवीस वर्षं प्रोसिडिंग लिहिलं. पाच वर्षांत तोंड न उघडलेले पुरुष सदस्य मी भरपूर पाहिले. त्यांना कुणी 'पत्नीचे पती' म्हटलं नाही. शिवाय गप्प बसलेली बाई पाच वर्षं गप्पच राहते असंही नाही.

आमच्या नगरपालिकेत मोहल्ल्याच्या प्रभागातून अशीच एक बाई निवडून आली होती. सातवी पास, वय तिशीच्या आत. पहिली दोन वर्षं तिचा आवाज कुणी ऐकला नाही. एका सभेत पाणीपुरवठ्याचा विषय निघाला. अभियंत्यांनी सांगितलं, सर्व भागांत एक दिवसाआड, सकाळी पाणी सोडलं जातं. ही उभी राहिली. पिशवीतून तिनं एक भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. दूध किती आलं हे आपण कॅलेंडरवर लिहितो तसं तिनं पाणी किती वाजता आलं ते लिहिलं होतं. तारखेच्या चौकोनात वेळ. ती वाचू लागली : तीन तारीख, रात्री अडीच. सहा तारीख, रात्री दोन. नऊ तारीख, आलं नाही. सभागृहात कुणी हसलं नाही. वाचून झाल्यावर ती आमच्या टेबलाकडे वळून म्हणाली, "हे सगळं लिहून घ्या, तारखांसकट." ते लिहिलं गेलं. महिनाभरात मोहल्ल्याची वेळ पहाटे साडेपाचवर आली. पुढच्या सोडतीत तो प्रभाग वेगळ्या प्रवर्गाला गेला आणि तिला कुणी दुसरीकडून तिकीट दिलं नाही.

या गोष्टीत मला जे दिसतं तेच आजच्या मुलींना सांगायचं आहे. पक्षानं तिला जागा दिली ती चिठ्ठीत निघाली म्हणून. बोलायची ताकद दिली ती त्या कॅलेंडरनं. रमाबाईंच्या हातात मुलींच्या शाळेचा प्रश्न होता, मृणालताईंच्या हातात पाण्याचा, विटनेरच्या बायकांच्या हातात गावाचा. आधी प्रश्न, मग अर्ज. ज्या बाईच्या बाबतीत हा क्रम उलटला, तिच्या हातात फक्त पेन राहिलं, तेही सहीपुरतं.

सोडतीचं थोडं सांगते, कारण मुलींचा तिथेच गैरसमज असतो. जागा फिरत राहतात. या वेळी महिला राखीव, पुढच्या वेळी खुली. जागा खुली झाली की 'आता तुमचं काम संपलं' असं बाईला सांगितलं जातं आणि ती ऐकते. पण खुली जागा म्हणजे पुरुषांची जागा नव्हे. ती सगळ्यांची आहे, तिथे बाई उभी राहू शकते. कायद्यात निम्म्या जागा हा किमान आकडा आहे, त्याच्या वर जायला मनाई नाही. पाच वर्षं काम केलेल्या बाईनं खुल्या जागेवरून उभं राहणं, हेच आरक्षणाचं खरं फळ. ते अजून आपल्याकडे फार कमी झाडांना लागलं आहे.

तरुण, अविवाहित मुलींची अडचण आणखी वेगळी. अठराव्या वर्षी मत देता येतं. ही मुभा आमच्या पिढीपासूनची. घटनेची एकसष्टावी दुरुस्ती १९८९ मध्ये अमलात आली, तोपर्यंत एकवीस पूर्ण व्हावी लागत. माझी मोठी बहीण थांबली होती, मी थांबले नाही. पंचायत किंवा नगरपालिकेची निवडणूक एकविसाव्या वर्षी लढवता येते. तरीही एकविशीतली उमेदवार दिसत का नाही? कारण गावातले पुढारी म्हणतात, 'ती काय, उद्या लग्न करून जाईल.' मग तिकीट मिळतं सुनेला. ही सून वर्षा-दोन वर्षांपूर्वी गावात आलेली असते, तिला गल्ल्यासुद्धा पुरत्या माहीत नसतात. जी मुलगी त्या गावात जन्मली, शिकली, जिला कुठल्या बोअरला पाणी आहे ते ठाऊक आहे, ती 'परक्याचं धन'. अनुभव सासरी जाताना माहेरी राहतो आणि सासरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. यात गावाचंच किती नुकसान होतं, याचा हिशेब कुठल्या अंदाजपत्रकात येत नाही. केरळात २०२० मध्ये तिरुअनंतपुरमच्या महापौर झालेल्या आर्या राजेंद्रन त्या वेळी एकवीस वर्षांच्या होत्या, महाविद्यालयात शिकत होत्या. त्यांच्या कारभारावर टीकाही पुष्कळ झाली, ती व्हावीच. वय लहान म्हणून शहर बंद पडलं नाही.

कागदांचं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, लिपिकाची सवय. छाननीच्या दिवशी मुलींचे अर्ज अडतात ते नावांवरून. मतदारयादीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं, दाखल्यावर तिसरंच. लग्न झालं असेल तर मतदारयादीतलं नाव आधी सरळ करून घ्या. जातीचा दाखला वडिलांकडून येतो, नवऱ्याकडून नाही. आणि राखीव जागेवर निवडून आल्यावर ठरावीक मुदतीत जातवैधता प्रमाणपत्र दिलं नाही, तर निवडून आलेलं पद जातं. अशी पदं गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. मुस्लिम मुलींना हे तर कुणी सांगतच नाही, की बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा कितीतरी मुस्लिम जाती महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं, तिथे सगळं अडतं. जुने कागद शोधायला दोन-दोन वर्षं लागतात. निवडणूक जाहीर झाल्यावर शोधायला निघालं तर ते सापडत नाहीत.

आमच्या समाजात आणखी एक भीती असते, आणि ती नुसती समाजाबाहेरच्यांची नाही. बुरखा घातला तर एक जण बोलतो, नाही घातला तर दुसरा. मुलीनं प्रचाराला दारोदार जायचं म्हटलं की घरात अब्रूचा प्रश्न निघतो. पण हीच मुलगी रेशन दुकानात रांगेत उभी असते, दवाखान्यात केसपेपर काढते, धाकट्या भावाचा शाळेचा दाखला आणायला पंचायतीत जाते. तिथे अब्रू आड येत नाही. मग ज्या पंचायतीत ती दाखला मागायला जाऊ शकते, त्याच पंचायतीत दाखल्यावर सही करायला का जाऊ नये? हा प्रश्न मी आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना विचारला आहे. उत्तर म्हणून चहा मिळाला आहे.

गेल्या काही वर्षांत आणखी एक गोष्ट घडली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, निवडणुका लांबल्या, आणि २०२२ पासून मुंबई-पुण्यासकट कित्येक महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती राहिल्या. नगरसेवकच नाहीत, मग निम्म्या नगरसेविकाही नाहीत. त्या काळात ज्या मुली अठरा-एकोणीस वर्षांच्या झाल्या, त्यांनी आपला नगरसेवक म्हणजे कोण हे पाहिलंच नाही. गटार तुंबलं तर तक्रार ॲपवर. ॲपवर तक्रार करणं सोपं आहे, पण ॲपला सभेत उभं करून तारखा वाचून दाखवता येत नाहीत.

ग्रामसभा मात्र होत्या. खेड्यातल्या मुलींच्या हातात ती गोष्ट आहे आणि तिला ना तिकीट लागतं, ना अनामत. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. गावच्या मतदारयादीत नाव असलेली कुणीही तिथे बसू शकते, बोलू शकते. ग्रामसभेआधी फक्त महिलांची सभा घ्यायची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते, हजेरीच्या वहीत सह्या घरोघर जाऊन घेतल्या जातात. गणपूर्तीला शंभर मतदार किंवा पंधरा टक्के, जे कमी असेल ते. म्हणजे पंधरा-वीस मुली एकत्र गेल्या, तरी लहान गावात त्यांच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. पहिल्या सभेत बोलू नका हवं तर. कुठल्या कामाला किती पैसे आले आणि किती खर्च झाले, तेवढं वहीत उतरवून घ्या. दुसऱ्या सभेत मागच्या इतिवृत्ताचं वाचन होतं, तेव्हा आपली वही शेजारी उघडून ठेवा आणि कुठे फरक पडतो तिथे बोट ठेवून विचारा. तसं विचारणारी मुलगी सगळ्यांच्या लक्षात राहते. पुढच्या निवडणुकीला तिकीट द्यायचं कुणाला, हे ठरवणाऱ्यांच्याही लक्षात राहते.

सभेची नोटीस चावडीवर किंवा पंचायतीच्या फळ्यावर आधी लागते. ती वाचायची सवय करा, फोनवर फोटो काढून मैत्रिणींना पाठवा. आणि जाताना पेन घरून न्या. हजेरीच्या वहीला दोरीनं बांधलेलं पेन बहुधा चालत नाही.